खोकल्यावर घरचे उपाय: काढा उकळण्याआधी काय बघायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि कुठे थांबायचं

खोकला सुरू झाला की पहिलं काय होतं, तर पातेलं गॅसवर चढतं. त्यात तुळस, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध, हळद, कोणीतरी सांगितलं म्हणून गुळवेल, आणि माप काय तर मूठभर. दोन दिवसांनी पोटात आग, तोंड आलेलं, खोकला आहे तिथेच, आणि यातल्या नेमक्या कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

वनस्पतींचं कौतुक इथे वाचायला मिळणार नाही, ते भरपूर झालंय. लोक चुकतात ते क्रमात. काढा ही खरं तर पाचवी पायरी आहे आणि आपण तिथूनच सुरुवात करतो. हर्बल असलं तरी ते औषधच आहे, म्हणजे त्याला मात्रा आहे, तारीख आहे आणि बंद करायचा दिवसही आहे, एवढं डोक्यात ठेवून पुढे वाचा.

पायरी १: हा खोकला घरी सांभाळण्यातला आहे का?

खालच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तर पातेलं बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा:

- एका दमात एक वाक्य पूर्ण बोलता येत नाहीये, ओठ किंवा नखं निळसर दिसतायत
- छातीत दुखतंय किंवा थुंकीत रक्त दिसलं
- ताप ३ दिवसांच्या वर टिकलाय, किंवा उतरला आणि परत चढला
- खोकला २ आठवड्यांच्या वर गेलाय, किंवा खोकल्यासोबत वजन घटतंय, रात्री घाम फुटतोय (टीबीची तपासणी टाळू नका)
- ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे किंवा कुठल्याही वयाचं बाळ दूध ओढत नाहीये
- लहान मूल खाताना किंवा खेळताना अचानक ठसकलं आणि तेव्हापासून खोकतंय

हे शेवटचं जास्त लक्षात ठेवा. दाणा, बी, खेळण्याचा तुकडा श्वासनळीत अडकला की सुरुवातीची धडपड संपल्यावर मूल कधीकधी शांत होतं, आपल्याला वाटतं गेलं, आणि मग आठवडाभर त्याच खोकल्यावर मध-आलं चालू राहतं.

लहान मुलांचा श्वास मोजायला शिका, खरंच, यासारखी फुकट तपासणी दुसरी नाही. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजायचा, रडताना नाही. अंगातलं वर करा म्हणजे पोट आणि छाती दोन्ही दिसतील, समोर सेकंदकाटा किंवा फोनचं टायमर ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळं मध्येच भरभर श्वास घेतात मध्येच थांबतात त्यामुळे आकडा हमखास चुकतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे, त्याच दिवशी दाखवायचं. आणि श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा कितीही असो, लगेच निघायचं.

मोठ्यांसाठी ऑक्सिमीटर असेल तर हात गरम करून, नेलपॉलिश काढून, मिनिटभर बोट स्थिर ठेवून मग वाचा. ९५ किंवा वर ठीक. ९३-९४ वर अडकलंय तर डॉक्टरांना फोन. ९२ किंवा खाली म्हणजे इमर्जन्सी. सीओपीडीवाल्यांचा (फुफ्फुसाचा जुनाट दम लागणारा आजार) नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो बरं असतानाच लिहून ठेवलेला बरा. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, त्यामुळे माणूस धापा टाकतोय आणि यंत्र ९६ म्हणतंय तर माणसावर विश्वास ठेवा.

आता दोन खोकले असे आहेत की त्यावर जगातला कुठलाही काढा चालणार नाही. पहिला बीपीच्या गोळीचा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो, आणि तो गोळी सुरू केल्यावर कधी आठवड्यांनी तर कधी महिन्यांनी येतो म्हणून कुणाला संबंधच लागत नाही. गोळी आपली आपण बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, ते दुसऱ्या गटातली देतात आणि खोकला बहुतेक वेळा काही आठवड्यांत जातो. दुसरा ॲसिडिटीचा, आडवं पडलं की वाढणारा, सोबत आंबट पाणी वर येणारा. त्यावर मिरी-आल्याचा कडक काढा म्हणजे आगीत तेल.

✔ तपासा: वरचं काहीच नाही, साधी सर्दी-खोकला किंवा घशाची खवखव आहे? मग पुढे चला.

पायरी २: चालू गोळ्यांची यादी काढा

कागद घ्या आणि घरात जो काढा पिणार आहे त्याच्या सगळ्या गोळ्या लिहा. बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करणारी, फिट्सची, इनहेलर, व्हिटॅमिनच्या कॅप्सूल, सगळं. लोक इनहेलर आणि कॅप्सूल औषधात धरतच नाहीत.

मग यादीशी हे ताडून बघा:

- बीपीची गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी, डिगॉक्सिन (हृदयाची गोळी), किंवा हृदय-किडनीचा आजार: ज्येष्ठमध नको. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम कमी करतं, बीपी चढतं, पायांवर सूज येते, आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.
- रक्त पातळ करणारी गोळी (वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन): हळद, आलं, लसूण यांचे अर्क आणि कॅप्सूल नकोत. जेवणात पडतं तेवढ्याचा प्रश्न नाही, प्रश्न एकवटलेल्या डोसचा आहे.
- थिओफायलिन (दम्याचं औषध), फेनिटॉइन (फिट्सचं औषध): मिरीतलं पायपरिन ही औषधं रक्तात जास्त चढवतं. थिओफायलिन तर असं औषध आहे की उपयोगाची मात्रा आणि त्रासाची मात्रा यात फार अंतर नाही.
- शुगर: मध, गुळाचा काढा, अवलेह, सिरप, सगळ्यात साखर आहे. हर्बल सिरपच्या बाटलीवरही साखर किती ते वाचा.
- लिव्हरचा त्रास, दारू सोडण्याची गोळी, लहान मुलं: आसव आणि अरिष्ट नकोत. ती आंबवून करतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, कुणी बघत नाही.
- गरोदर असाल तर: अडुळसा आणि ज्येष्ठमध दोन्ही बाद. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.
- अवयव बदललेला असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील: 'इम्युनिटी वाढवणारं' काहीही नको. डॉक्टर जी दाबतायत तीच तुम्ही उठवायला निघालाय.
- ॲस्पिरिनने दमा उठत असेल: विलोची साल असलेली मिश्रणं नकोत, तिच्यात ॲस्पिरिनचंच भावंड आहे. आणि दमा किंवा ॲलर्जीवाल्यांनी प्रोपोलिस (पोळ्यातला डिंक), रॉयल जेली हे मधमाशीचे प्रकार घशासाठी म्हणून घेऊ नयेत, त्याने दम्याचे गंभीर झटके आलेले आहेत.

ज्येष्ठमधाबद्दल मी इतकं का बोलतोय ते सांगतो. माझी आत्या घसा मोकळा राहतो म्हणून रोज ज्येष्ठमधाची काडी चघळायची, महिना-दीड महिना चाललं होतं. बीपी वाढलं म्हणून गोळी वाढवली, तरी बीपी खाली येईना, पाय सुजले, सॅन्डलचा पट्टा एक भोक सैल करावा लागला. डॉक्टरांनी नवीन काय घेताय विचारलं तर ही म्हणाली काहीच नाही. काडी तिच्या लेखी औषध नव्हतंच! ती बंद केल्यावर काही आठवड्यांत बीपी जुन्या आकड्यावर आलं.

⚠ 'गोळी आणि काढा यात दोन तासांचं अंतर ठेवलं की झालं' हा सल्ला अर्धाच खरा आहे. दोन गोष्टी पोटात एकमेकांना चिकटणार असतील तर अंतराने फरक पडतो. पण रक्त पातळ होणं, पोटॅशियम उतरणं, लिव्हरने औषध नीट न मोडल्याने ते रक्तात साठणं हे पोटाच्या पुढचं आहे, तिथे दोन तास काय आणि पाच तास काय.

पायरी ३: एकच वनस्पती निवडा, ती पण लक्षण बघून

दहा गोष्टी एकत्र उकळण्यात फायदा दहापट होत नाही, गोंधळ मात्र दहापट होतो. पुरळ उठलं तर कशाने? बरं वाटलं तर कशाने? एक घ्या, तीन दिवस बघा.

*घसा खवखवतोय, कोरडा खोकला, रात्री झोप लागत नाही:* मध. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मधाच्या चाचण्या झालेल्या आहेत आणि थोडा का होईना उपयोग दिसलाय. १ वर्षाच्या वर, झोपायच्या आधी अर्धा ते एक चहाचा चमचा, म्हणजे अडीच ते ५ मिलि. मग दात घासून झोपवा. १ वर्षाच्या आत बोटावर चाटवायलासुद्धा नाही, मधात बोट्युलिझमचे जंतू सुप्त रूपात असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते जागे होतात आणि अंग लुळं पडतं. 'उकळून दिला' हे उत्तर नाही, घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत.

*कफ घट्ट आहे, सुटत नाही:* अडुळसा किंवा थाइम (ओव्यासारख्या वासाची पानं, सुकी मिळतात). अडुळशातल्या वॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि ॲम्ब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचंच पुढचं रूप. म्हणजे डॉक्टरांनी ॲम्ब्रोक्सॉलचं सिरप दिलंय आणि तुम्ही वरून अडुळशाचं चालू केलंय तर एकाच कामाला दोन माणसं लावलीत. थाइमचा चहा करायचा तर १ ते २ ग्रॅम सुकी पानं, १५० मिलि पाणी, दिवसातून तीनदा, मोठ्यांसाठी. थाइममधलं थायमॉल हे उग्र वासाचं द्रव्य ओव्यातही असतं, पण म्हणून ओव्याचं तेल थेंब थेंब पिऊ नका.

*नाक चोंदलंय:* यावर वनस्पतीपेक्षा मिठाचं पाणी बरं. पायरी ७ बघा.

*घसा बसलाय:* ज्येष्ठमध चालेल, पण वरची यादी पार केली असेल तरच आणि थोडे दिवस. हिशोब असा करा: बीपी ठीक असलेल्या मोठ्या माणसाला दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनच्या वर जाऊ नये असं साधारण धरतात. मुळात ते किती असेल हे मुळागणिक बदलतं, ५ टक्के धरलं तर २ ग्रॅम मुळातच १०० मिलिग्रॅम झालं. २ ग्रॅम म्हणजे किती थोडं ते काट्यावर ठेवून बघा एकदा.

हळदीचं एवढंच की स्वयंपाकातली चिमूट वेगळी आणि पायपरिन घातलेली कुरकुमिनची (हळदीच्या अर्काची) कॅप्सूल वेगळी. दुसऱ्या प्रकाराने लिव्हरला इजा झालेल्या लोकांची नोंद आहे. पित्ताशयात खडे असतील तरी ती कॅप्सूल नको.

पायरी ४: हातात आलंय ते नक्की तेच आहे का?

झाडावरून तोडून आणणारे इथे मार खातात. गुळवेलीसारखी दिसणारी तिचीच भावकी आहे जी लिव्हरला त्रास देते, आणि खरी गुळवेल घेतलेल्यांनाही लिव्हरची सूज आल्याचं २०२१ मध्ये डॉक्टरांनी नोंदवलंय, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) त्रास होता किंवा त्याची प्रवृत्ती होती. धोत्र्याची पानं दम्यासाठी ओढायचा जुना प्रकार अजून कुठे कुठे सांगितला जातो. धोत्र्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, एका पानात किती ते सांगता येत नाही, थोडं जास्त झालं की भ्रम, ताप, धडधड, लघवी बंद. अजिबात नको. सोमलता म्हणजे एफेड्रा, तिच्यातल्या एफेड्रिनने श्वासनळ्या मोकळ्या होतात खऱ्या, पण बीपी आणि हृदयावर ताण येतो, अमेरिकेत तर २००४ मध्ये पूरक आहारातून तिच्यावर बंदी आली.

तयार बाटली किंवा डबा घेत असाल तर हे बघा: वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि नेमका भाग (पान, मूळ, साल), प्रत्येकाचं प्रमाण, बॅच नंबर, एक्स्पायरी, परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता. यातलं काही नसेल तर परत ठेवा. भस्म किंवा रसकल्प (धातू, पारा वापरून केलेले आयुर्वेदिक प्रकार) असलेलं औषध स्वतःच्या मनाने नको, शिसं, पारा, आर्सेनिक हे जड धातू अशा उत्पादनांत सापडलेले आहेत.

⚠ पुडीत चूर्ण, लेबल नाही, आणि 'तीन दिवसांत दमा गायब'. असं खरंच तीन दिवसांत बरं वाटायला लागलं तर आनंद नको, शंका घ्या. 'हर्बल' म्हणून विकलेल्या दम्याच्या औषधांत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झालेत. अशी पुडी आठवडे-महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर मंदावलेलं असतं. पुडीसकट डॉक्टरकडे जा.

पायरी ५: काढा किंवा चहा करणं

आता पातेलं घ्या.

१. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. तांब्या-पितळेचं कल्हई नसलेलं नको, ॲल्युमिनियमही नको.

२. मोजा. मूठभर, चिमूटभर, दोन काड्या हे माप नाही. छोटा किचन काटा असेल तर उत्तम, नाहीतर औषधाच्या बाटलीसोबत येणारा ५ मिलिचा चमचा जपून ठेवा. घरातले चमचे वेगवेगळ्या मापाचे असतात, एकाच ट्रेमध्ये अडीच मिलिचा पण सापडेल आणि ८ चा पण.

३. पान-फूल असेल तर उकळायचं नाही. पाणी उकळा, गॅस बंद, पानं टाका, लगेच झाकण, ५ ते १० मिनिटं. झाकण यासाठी की जे तेल तुम्हाला हवंय तेच वाफेबरोबर उडतं. सगळं घर तुळशीच्या वासाने भरलं म्हणजे काढा मस्त झाला असं वाटतं, पण तो वास कपात राहायला हवा होता. झाकण उघडताना आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यात झटका.

४. मूळ, साल, आल्यासारखा कंद असेल तर ठेचून मंद आचेवर १० ते १५ मिनिटं. रंग काळा होईपर्यंत आटवायची सवय सोडा. आटवलं की घोट कमी होतो, आत असलेलं कमी होत नाही, आणि आपण कप मात्र तेवढाच भरून पितो.

५. दाट फडक्याने किंवा बारीक गाळणीने गाळा. सुक्या पानांची लव आणि कण गाळलं नाही की घशात अडकून तेच खोकवतात, मग अजून काढा प्यायला जातो.

६. कोमट होऊ द्या. खवखवत्या घशावरून उकळता काढा ओतल्याने आराम पडत नाही, भाजतं. मध घालायचा असेल तर आत्ता.

७. त्या दिवसापुरताच करा. उरलं तर झाकून फ्रिजमध्ये, २४ तासांनी फेकून द्या, बुडबुडे आले किंवा आंबूस वास आला तर त्याआधीच.

✔ तपासा: बाटलीवर किंवा झाकणावर काय घातलं, किती ग्रॅम, किती वाजता, हे लिहिलंय का? नाही लिहिलं तर संध्याकाळी दुसरं कोणीतरी त्यात 'थोडं आलं' टाकणार.

पायरी ६: वाफ घेताना

सर्दीवर वाफेच्या चाचण्यांतून ठोस फायदा निघालेला नाही. थोडा वेळ बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्यायची तर भाजून घेऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे, कारण वाफेने भाजलेले पेशंट बहुतेक वेळा वाफेने भाजलेलेच नसतात, पातेलं मांडीवर उलटलेलं असतं. पलंगावर बसून, मांडीत भांडं, डोक्यावरून टॉवेल, काही दिसत नाही, शिंक आली, संपलं.

- लहान मुलांना भांड्याची वाफ द्यायचीच नाही. हवंच असेल तर बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर चालू ठेवून, दार लावून, मुलाला शॉवरपासून लांब कडेवर घेऊन १० मिनिटं बसा.
- मोठ्यांनी भांडं जड बुडाचं, भिंतीकडे सरकवलेल्या टेबलाच्या मध्यभागी. उकळल्यावर काही मिनिटं थांबून. चेहरा हातभर वर. डोळे मिटलेले. ५ मिनिटं पुरे.
- भांडं उचलून घेऊन चालायचं नाही, जिथे वाफ घेतली तिथेच पाणी गार होऊ द्या.

निलगिरीचं तेल, कापूर, मेंथॉल: मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, प्रत्यक्षात हवा जायची वाट फारशी रुंद होत नाही. दमा असणाऱ्यांना या उग्र वासानेच श्वास अडकू शकतो, त्यांनी साधी वाफ घ्यावी. २ वर्षांच्या आतल्या मुलांच्या छातीला, नाकाजवळ, उशाला यातलं काहीही लावू नका, कापराची पुरचुंडीसुद्धा नाही.

⚠ निलगिरीचं तेल आणि कापूर पोटात जाता कामा नये. लहान मुलात निलगिरीच्या काही मिलिने गुंगी आणि झटके येतात, कापराने तर मिनिटांत फिट येऊ शकते. बाटली औषधाच्या कपाटात वरच्या फळीवर, खोकल्याच्या सिरपच्या शेजारी कधीच नाही. गिळलंच तर उलटी करवू नका, बाटली हातात घ्या आणि हॉस्पिटल गाठा.

छाती मोकळी व्हावी म्हणून धूप, धुरी, पानं जाळणं याबद्दल एकच वाक्य: धूर तो धूरच, वनस्पतीचा असला तरी.

पायरी ७: नाक धुणं

यात गंभीर चूक एकच आहे, नळाचं पाणी. न उकळलेल्या पाण्यातून नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, क्वचित होतं पण झालं तर बहुतेक जण वाचत नाहीत. पाणी खळखळून १ मिनिट उकळायचं (उंच डोंगराळ भागात ३ मिनिटं), झाकून गार करायचं, मग वापरायचं. फिल्टरचं पाणी पिण्याला ठीक असलं तरी नाकाला उकळूनच.

२५० मिलि पाण्यात साधारण २ ग्रॅम बिनआयोडिनचं मीठ. कमी घातलं तरी नाक झोंबतं, जास्त घातलं तरी झोंबतं, त्यामुळे मोजलेलं बरं. पुढे वाका, डोकं एका बाजूला कलतं करा, तोंडाने श्वास, वरच्या नाकपुडीतून घाला म्हणजे खालच्यातून बाहेर येईल. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर जोर लावू नका. भांडं धुऊन पूर्ण सुकवून ठेवा.

तेल किंवा तुपाचे थेंब बाळाच्या नाकात घालू नका. ते फुफ्फुसात उतरलं तर तिथून निघत नाही, न्यूमोनियासारखा आजार होतो आणि तो अँटिबायोटिकने बरा होत नाही.

पायरी ८: पहिले तीन दिवस

पहिला डोस अर्धा आणि सकाळी घ्या. रात्री झोपताना पहिल्यांदाच काहीतरी नवीन पिऊन झोपलात आणि ओठ सुजायला लागले तर कळणार कुणाला? दोन तास बघा: खाज, पुरळ, ओठ-जीभ जड, घरघर. काही नाही झालं तर दुपारी पूर्ण डोस.

वहीत चार रकाने पुरतात. वेळ, काय घेतलं, खोकला रात्री किती वेळा उठवतो, बाकी काही त्रास. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा, कारण 'बरं वाटतंय' हे दर तासाला बदलतं पण रात्री चारदा उठलो का एकदा हे खोटं बोलत नाही.

दम्यावाल्यांसाठी वेगळं: रोजचा प्रिव्हेंटर इनहेलर (सूज आटोक्यात ठेवणारा) चालूच राहणार. काढ्याने बरं वाटतंय म्हणून तो सोडणं ही मी पाहिलेली सगळ्यात वाईट चूक, कारण सूज हळूहळू वाढते आणि दोन-तीन आठवडे काही कळतच नाही. घरात पीक फ्लो मीटर (किती जोराने फुंकता येतं ते मोजणारी नळी) असेल तर सकाळ-संध्याकाळ फुंका, स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं तर डॉक्टरांनी दिलेल्या प्लॅनप्रमाणे औषध वाढवायचं, ५० टक्क्यांखाली म्हणजे रिलिव्हर (झटक्यात लगेच आराम देणारा इनहेलर) घेऊन थेट इमर्जन्सी. एरवीसुद्धा रिलिव्हर आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, त्यावर उत्तर नवीन वनस्पती हे नाही.

पायरी ९: थांबायचं कधी

लगेच थांबवा: पुरळ, ओठ-चेहरा सुजणं, घरघर (इथे थेट इमर्जन्सी), डोळे पिवळे, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणं, पायांवर सूज, धडधड, विनाकारण नीळ पडणं.

तीन दिवसांत रात्रीच्या रकान्यात काहीच फरक नाही तर ती वनस्पती तुमच्यासाठी नाही. मात्रा वाढवू नका. एक दिवस मोकळा सोडून दुसरी बघा, आणि सगळं मिळून ७ दिवसांत सुधारणा नाही तर डॉक्टर.

बरं वाटलं तरी थांबवा. खोकला गेल्यावर 'सवय चांगली आहे' म्हणून महिनोनमहिने चालू ठेवलेला काढाच पुढे त्रास देतो. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान २ आठवडे आधी सगळं हर्बल बंद, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते विचारोत न विचारोत, तुम्ही सांगा.

डॉक्टरकडे जाताना तोंडी 'थोडा काढा घेत होतो' सांगू नका. वही घ्या, लेबलचा फोटो घ्या, सुट्टी वनस्पती असेल तर तिचा एक नमुना कागदात गुंडाळून घ्या. डॉक्टर रागावतील म्हणून लोक लपवतात. रागावले तर रागावले, कागद टेबलावर ठेवा.